फुटवालचं चित्र

सुंदरबाईने माझ्या टेबलावर ठेवलेला कागद मीच काढलेल्या चित्राचा होता, हे ओळखायला मला वेळ लागला नाही; पण त्याला लॅमिनेशन केलेलं होतं आणि त्यामुळे तो माझा वाटेना. विहीर, विहिरीत सोडलेला पाइप, पाइपाच्या तळाशी फुटवाल, वर मोटर, आणि मोटरीच्या शेजारी तेवढंच मोठं काढलेलं माणसाचं हृदय. सगळं निळ्या बॉलपेनने. खाली माझ्या अक्षरात 'झडप गळते' एवढे दोन शब्द. सकाळचे साडेअकरा झाले होते. इको काढायला आलेली माणसं बाकड्यावर फायली मांडीवर घेऊन बसली होती, आणि ही बाई, जिचं कपाळ मोकळं होतं आणि जिच्या हातातल्या बांगड्या गेल्या होत्या, मला म्हणत होती, "ताई, हे तुमचं वापस घ्या. शेलूबाजारात पिलास्टिक मारून आनलं होतं, भितीले लावलं होतं. चांगलं हाये अजून. दुसऱ्या कोनाच्या कामी येईन."

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. "धरमसिंगभाऊ?" मी विचारलं.

"गेला नं. संकरातीच्या चार दिस आधी." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, दोन महिने तांड्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून तो आवाज तसा झाला असावा. मग ती टेबलावर थोडी वाकली आणि हळू बोलायला लागली. "तुमी सांगलं तसंच केलं, ताई. एवढं चांगलं कोनीच समजावून सांगलं नोयतं. फुटवाल गळते तं पानी टिकत नाही, वरतून भरा लागते. भरलं. सकाऊन, दोपारी, संध्याकाळी, जवा पाह्यलं तवा तांब्या. पन शेवटले दोन दिस तो नाही म्हने. तोंड फिरवे. मले वाटलं, थकला असन, राहू द्या. मीच कमी पडली. जबरीनं अजून थोडं पाजलं असतं तं टिकला असता."

अकरा वर्षं मी या हृदयाच्या दवाखान्यात, याच टेबलाशी बसून बोलते आहे. माझं काम बोलण्याचंच आहे, पेशंटना त्यांचे रिपोर्ट समजावून सांगण्याचं. मी तिला काय म्हणाले? मी म्हणाले, "चहा घेता का, मावशी?" ती म्हणाली, "नाही, जीप जाईन." तिने पदर सारखा केला, बाकड्यावरच्या एका अनोळखी म्हातारीला "या ताईले इचारा, चांगलं सांगतेत" असं आवर्जून सांगितलं, आणि कठडा धरून जिना उतरून गेली. त्या म्हातारीने लगेच आपली फाइल माझ्यापुढे केली.

आता इथे सांगून टाकते, कारण जिथे सांगायचं होतं तिथे सांगितलं नाही. हृदयाची ताकद कमी झाली की अंगातलं जास्तीचं पाणी त्याला झेपत नाही. ते पाणी पायात उतरतं, पोटात साठतं आणि शेवटी फुप्फुसात शिरतं. मग माणसाला आडवं होता येत नाही, बसून बसून श्वास ओढावा लागतो. म्हणून अशा माणसाला पाणी मोजून द्यायचं. दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं धरायचं. मीठ कमी. रोज सकाळी वजन, आणि दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर उठून सरळ दवाखान्यात यायचं. हे मी रोज दहा-बारा जणांना सांगते, भाजी चिरता चिरता सांगू शकेन इतकं मला ते पाठ आहे. त्या दिवशी मात्र ते राहिलं. का राहिलं, तेही मला चांगलं ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणं जास्त वाईट आहे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांचा मुलगा वीरेंद्र आणि सून ऊसतोडीला निघून गेले होते, म्हणून ही दोघंच आली होती. धरमसिंग उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशांचा. चार पावलं चालला की थांबायचा आणि थांबण्याचं कारण म्हणून भिंतीवरची एखादी पाटी वाचल्यासारखं करायचा. त्याच्या रिपोर्टवर लिहिलं होतं की हृदय फुगलंय, डावीकडची झडप नीट मिटत नाही आणि इजेक्शन फ्रॅक्शन पंचवीस टक्के आहे. इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे हृदय एका ठोक्यात आपल्या पोटातलं किती रक्त बाहेर ढकलतं त्याची टक्केवारी. साठच्या आसपास असली की बरी. मी हे सांगत होते आणि त्याचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी गेले होते. असे डोळे मला सहन होत नाहीत. मी कागद ओढला आणि विहीर काढली. फुटवाल काढला, तो विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असतो आणि वर चढलेलं पाणी परत खाली जाऊ देत नाही. मी फुटवालवर पेन टेकवलं मात्र, धरमसिंग खुर्चीत पुढे सरकला. तांड्यावरच्या सगळ्यांच्या मोटरी तोच खोलायचा, हे मला नंतर कळलं.

"हात्तिच्या! मंग असं सांगा नं," तो म्हणाला. "फुटवाल गळला की पानी वापस विहिरीत जाते, मोटर रिकामी फिरते, गरम होते. बरोबर?" मी म्हणाले, "एकदम बरोबर!" मला टाळी द्यावीशी वाटली. त्याने बायकोकडे वळून त्यांच्या बोलीत सगळं पुन्हा सांगितलं, हात हलवून, झडपेसाठी तळहात उघडून-मिटून. त्याला धाप लागत होती तरी तो सांगत होता. बाकड्यावरची माणसंही ऐकायला लागली. मी खुर्चीला पाठ टेकली आणि नुसती पाहत राहिले. माझं काम आता तोच करत होता आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होता. "समजलं, ताई," तो म्हणाला, "आता एकदम समजलं." मी खूश झाले. खूश होऊन मी त्याला कागद देऊन टाकला, आणि पुढचा नंबर पुकारला गेला. पाण्याची ओळ फायलीच्या तळाशी डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेली होती. ती वाचून दाखवणं माझं काम होतं.

फुटवाल गळायला लागला की काय करायचं, हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वरून पाणी ओतायचं. पाइप भरेपर्यंत, मोटर पाणी धरेपर्यंत, बादलीवर बादली. आमच्या गावी, अनसिंगला, मामाच्या मळ्यात मी स्वतः ओतलेलं आहे. मामा ओरडायचा, थांबू नको, थांबू नको. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. वर डॉक्टरांनी लघवीची गोळी दिलेली. ती अंगातलं जास्तीचं पाणी काढून टाकते. घरात बसलेल्या बाईला काय दिसलं असेल? पाणी गळतंय, रात्रंदिवस गळतंय. मग ती ओतणार नाही तर काय करेल?

माझे वडील जानराव मी चौदा वर्षांची असताना गेले. त्यांच्या कागदावर एक शब्द होता. माझी आई, बेबीताई, तिने डॉक्टरांना विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, "तुम्हाला नाही समजणार, बाई." आई तो शब्द घेऊन अनसिंगला परत आली. तिला तो धड म्हणता यायचा नाही. "युरे... काईतरी" असं म्हणून ती शाळेतल्या सरांना विचारायची, एसटीच्या कंडक्टरला विचारायची, बुद्धविहारात कुणी पाहुणे आले की त्यांनासुद्धा विचारायची. वडील गेल्यावरही विचारायची. कागद तिने बाबासाहेबांच्या फोटोच्या फ्रेममागे ठेवला होता. मी शिकून नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात तो शब्द शोधला आणि वहीत लिहिला: युरेमिया, म्हणजे मूत्रपिंडं थकली की जी घाण लघवीवाटे जायची ती रक्तात साठत जाते. आईला वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती. तिचे हात थांबले. "एवढंच होतं?" ती म्हणाली. "मंग तवा सांगाले काय झालं होतं त्याइले?" आणि ती रडली, वडील गेल्यावर रडली नव्हती इतकी रडली. तेव्हापासून ती वही वाढत गेली. एडेमा: सूज, बोटाने दाबलं की खळगा राहतो. इस्केमिया: रक्त कमी पोचणं. एरिदमिया: ठोक्यांचा ताल चुकणं. आता तिसरी वही चालू आहे. लोकांना वाटतं ही बाई फार सेवाभावी आहे. सेवाभाव वगैरे काही नाही. दिवसभरात कुणीतरी माझ्या डोळ्यांत बघून "समजलं" म्हणतं, तेवढंच माझ्या वाट्याला येतं, आणि मला ते लागतं.

नवीनने हे ओळखलं होतं. नवीन इथे इको काढायचा. चार वर्षं आम्ही दुपारचा चहा एकत्र प्यायलो. तो अकोल्याला गेला त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्यात काहीच झालं नाही, आणि काहीच झालं नाही हे मी अजून विसरले नाही. एकदा तो कप खाली ठेवत म्हणाला होता, "धम्मदीपा, समोरच्याला समजलं की तुमचा चेहरा पेढा खाल्ल्यासारखा होतो. मग तुम्ही त्याचं पुढचं ऐकतच नाही." मी चिडले होते. म्हणाले होते, तुम्ही अंधाऱ्या खोलीत बसून नुसती चित्रं काढता, तुम्हाला माणसांचं काय कळणार. तो हसला होता. तो आत्ता समोर असता तर मी त्याला सांगितलं असतं; पण त्याचं लग्न झालंय, आणि इतक्या दिवसांनी फोन करून हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं?

त्या दुपारी मी धनजच्या एका माणसाला अँजिओग्राफी समजावून सांगितली. रक्तवाहिनीत बारीक नळी घालून रंग सोडतात, आणि कुठे अडलंय त्याचा फोटो काढतात. माझा आवाज मला ऐकू येत होता. तो माणूस "समजलं" म्हणाला तेव्हा मी त्याला म्हणाले, "काय समजलं ते मला सांगा." तो गांगरला. त्याला वाटलं मी परीक्षा घेते आहे. त्याने जे सांगितलं ते निम्मं चूक होतं. म्हणजे अकरा वर्षांत अशी किती माणसं मान हलवून जिना उतरून गेली असतील, आणि घरी जाऊन त्यांनी काय काय केलं असेल? हा हिशेब मला मांडता येईना. घरी आले तरी तो कागद पर्समध्ये होता. माझ्या दोन खोल्या रिसोड नाक्याच्या मागे आहेत. कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या नाहीत, आणि खिचडी करपल्याचा वास आला तेव्हा मी हातात पाण्याचा ग्लास घेऊन ओट्याशी उभी होते. ते पाणी मला पिता येईना.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. आडून विचारलं, कुणाचं तरी म्हणून. पंचवीस टक्क्यांचा पेशंट भरपूर पाणी प्यायला तर? ते मोबाइलमधून वर न बघता म्हणाले, "लवकर जाईल. तसाही जायचाच असतो." मला या वाक्याचा आधार घ्यायचा होता. दोन दिवस मी ते घोळवलं. तसाही जायचाच होता. पण डॉक्टरांनी आधी 'लवकर' म्हटलं होतं, ते काढून टाकता येईना. भाऊ प्रसेनजित पुण्याला असतो, त्याचा दर बुधवारी फोन येतो. त्याला सगळं सांगितलं, सुंदरबाईला जाऊन सांगायचं मनात आहे तेही. तो म्हणाला, "ताई, तू कायले सांगतं? तिले काहीच माहीत नाही. तिचा पोरगा येऊन तमाशा करन, तुही नोकरी जाईन. तिले एवढंच सांग, तुमची काही चूक नोयती. बस." हे खरंच सोपं होतं. अर्धं सांगायचं. तुम्ही कमी पडला नाहीत, मावशी, असं म्हणायचं आणि हात हातात घ्यायचा. ती मला अजून एकदा आशीर्वाद देईल आणि मी परत येईन. मला नोकरी हवी आहे; टेबल गेलं तर या शहरात माझ्याशी बोलायला कोण येणार? रविवारपर्यंत मी हेच ठरवलेलं होतं. शेलूबाजारच्या एसटीत बसले तेव्हाही हेच ठरलेलं होतं.

शेलूबाजारहून जीपने तांड्यापर्यंत गेले. होळी आठ दिवसांवर आली होती, तरी निम्म्या घरांना कुलपं होती. ऊसतोडीची माणसं परतायची होती. सुंदरबाई ओसरीत तुरीच्या शेंगा बडवत बसली होती. मला बघून ती इतकी लगबगीने उठली की शेंगा पायाखाली आल्या. "ताई! तुमी? माह्याकडे?" तिने धरमसिंगच्या रिकाम्या बाजेशेजारी सतरंजी टाकली, मला बसवलं, आणि कुणीही करेल तेच आधी केलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी तो दोन्ही हातांत धरला. भिंतीवर चुन्यात चार भोकं दिसत होती, त्या कागदाच्या मापाची. तिने माझी नजर पाहिली. "तिथंच होतं," ती म्हणाली. "तो बाजीवरून पाहे. आल्या-गेल्याले दाखवे, हे पाहा माह्यं मशीन. पायाले सूज आली तवा त्याले म्हनलं, पाहा, पानी धरून राह्यलं. आता भरून राह्यलं. म्हनून त मी अजून..." ती थांबली आणि पदराच्या टोकाने डोळे पुसले. "शेवटी मीच आळस केला, ताई."

ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तुम्ही कमी पडला नाहीत. मी ते म्हटलंही. ती म्हणाली, "तुमी चांगल्या म्हनून म्हनता." आणि त्या 'चांगल्या'ने माझं सगळं ठरवलेलं मोडलं. मी तांब्या खाली ठेवला.

"मावशी, पानी द्याचं नोयतं," मी म्हणाले. अनसिंग सोडल्यापासून मी अशी बोलले नव्हते. "त्या बिमारीत पानी मोजून द्याचं असते. दिवसाचं एक लिटर. जास्त झालं की ते फुप्फुसात जाते. ते डॉक्टरनं फायलीत लिवलं होतं. मी तुमाले सांगाचं होतं. मी नाही सांगलं. फुटवालचं सांगलं अन् हे राह्यलं. पायाची सूज म्हंजे पानी जास्त झालं होतं. तुमची चूक नाही. माही हाये."

कोंबडी ओसरीवर चढली, तिला कुणी हाकललं नाही. सुंदरबाई माझ्याकडे बघत होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं की माझं सगळं एका माणसाला खरोखर समजलं आहे. ते अजिबात गोड लागलं नाही. तिने विचारलं, "तो नाही म्हने ते?"

"बरोबर म्हनत होते. तुमी थांबल्या, ते बरोबर केलं."

"अन् त्याच्या आधी?"

ती उत्तराची वाट बघत राहिली, म्हणून मला बोलावं लागलं. "त्याच्या आधी देल्लं, ते नोयतं द्याचं."

"त्याले समजत होतं," ती म्हणाली, मला नाही, बाजेला. "साऱ्यांच्या मोटरी खोले. त्याले समजत होतं अन् राहू द्या म्हनाच्या आधी मी त्याचं तोंड धरून..." तिने उजवा हात वर उचलला, पंजा तसाच वाकडा धरला, हनुवटी धरल्यासारखा, आणि तो हात बघत राहिली. मग एकदम ओरडली, "कायले आल्या तुमी? कायले सांगलं मले?" शेजारच्या घरातून एक बाई डोकावली. मी उठले नाही. मला उठून जायचं होतं, जीपच्या रस्त्यापर्यंत पळत जायचं होतं, पण आईचे थांबलेले हात मला दिसत होते आणि मी बसून राहिले. सुंदरबाई रडली आणि तिच्या बोलीत त्याच्याशी काहीतरी बोलत राहिली. ऊन ओसरीच्या कडेवरून तुरीच्या ढिगापर्यंत सरकलं.

"तो कागद आनला?" तिने विचारलं.

आणला होता, का आणला ते मलाही माहीत नव्हतं. मी पर्समधून काढून दिला. तिने तो उलटासुलटा पाहिला आणि परत माझ्यापुढे धरला. "लिवा त्याच्यावर. पान्याचं."

मी पेन काढलं. प्लास्टिकवर पेन चालेना. शाई उमटायची आणि बोट लागलं की पुसून जायची. दोनदा लिहिलं, दोनदा गेलं. सुंदरबाईने माझ्या हातातून तो ओढून घेतला, कोपऱ्यातला विळा आणला आणि प्लास्टिकची कड कापली. नखाने सोलत सोलत तिने वरचा पापुद्रा काढला. विहिरीचा थोडा भाग त्याला चिकटून गेला. उघडा कागद तिने माझ्या मांडीवर ठेवला. मी हृदयाच्या खाली, 'झडप गळते'च्या खाली लिहिलं. अक्षर वाकडं आलं. ती माझ्या शेजारी बसून हात कसा चालतो ते बघत होती.

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "वाचा."

मी वाचलं, "पाणी मोजून द्यायचं. दिवसाला एक लिटर. जास्त नाही."

ती रिकाम्या बाजेकडे तोंड करून बसली. "जोरानं वाचा," ती म्हणाली. मी जोरात वाचलं. शेजारची बाई अजून दारात उभी होती, तिलाही ऐकू गेलं असेल. मी थांबले तेव्हा सुंदरबाईने मान हलवली नाही, समजलं म्हणाली नाही.

"फिरून वाचा," ती म्हणाली.